काका मागून येतायत

लांब पल्ल्याच्या सायकल सहलींमध्ये एक नियम पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितला जातो, तो म्हणजे ‘कोणालाही मागे सोडायचं नाही.’ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तो सगळ्यात वर चिकटवलेला असतो, त्याच्याखाली हेल्मेट, स्पेअर ट्यूब, ओआरएसची पाकिटं वगैरे यादी. नियम ऐकताना प्रत्येकाला वाटतं की हा आपल्या सोयीसाठी केलेला आहे, मागे पडलो तर आपल्यासाठी कोणीतरी थांबेल. नियमाचा दुसरा अर्थ, म्हणजे आपल्यालाही कधीतरी थांबावं लागेल, तो ऐन वेळी कळतो.

आम्ही अकरा जण पुण्याहून गेलो होतो. जोधपूरला सायकली जोडल्या आणि बाडमेर, जैसलमेर, पोखरण, फलोदी असं करत बिकानेरला पोचायचं, आठ दिवसांत. डिसेंबरचा शेवट. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग येते, पण तसलं दृश्य जैसलमेरच्या पश्चिमेला पर्यटकांसाठी राखून ठेवलेलं आहे. महामार्गाने जाताना दिसतं ते बहुतेक सपाट, खडकाळ, पिवळट माळरान. मधूनच खेजडीचं झाड, रुईची झुडपं, सेवण गवताचे झुबके. आमच्याकडच्या जतच्या किंवा माणच्या माळावर वाढलेल्या माणसाला फार परकं वाटू नये असं. परकं वाटतं ते अंतर. पुढचं गाव दिसतच नाही, आणि दिसलं तरी तासभर तेवढंच लांब राहतं.

मी सांगतोय तो दिवस पाचवा. जैसलमेर ते पोखरण, साधारण एकशे दहा किलोमीटर. कागदावर सोपा दिवस, घाट नाही, चढ नावापुरते. पण जैसलमेर सोडल्यावर पवनचक्क्या लागल्या आणि आमच्यातल्या एकीने सांगितलं, ‘पंख्यांची तोंडं बघा.’ पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. त्या शेकडो पवनचक्क्या आमच्याकडे पाठ करून पूर्वेला, आम्हाला जायचं होतं तिकडे बघत होत्या. म्हणजे दिवसभर वारा समोरून.

सायकल न चालवणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवेचा अवरोध सायकल आणि वारा यांच्या एकत्रित वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी वीसने चालला आहात आणि समोरून पंधराचा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुम्ही पस्तीसने चालला आहात, आणि तिचा रेटा जवळपास तिप्पट होतो. यावर उपाय एकच, दुसऱ्याच्या मागे चालवणं. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलात तर वारा तो कापतो आणि तुमचे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून सगळे एका रांगेत चालवतात आणि पुढे राहण्याची पाळी बदलत जातात. पुढचा दमला की बाजूला होऊन शेपटाला लागतो.

या व्यवस्थेत एक क्रूर गोष्ट आहे. रांगेतला कमजोर माणूस रांगेत असेपर्यंत इतरांइतकाच वेगवान असतो. पण एकदा पुढच्या चाकापासून दोन-तीन मीटर सुटला, की तो आडोसा जातो. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच डोक्यावर अचानक पूर्ण वारा पडतो, आणि अंतर वाढतच जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस हळू आहे. खरं तर थोड्या वेळापूर्वी तो हळू नव्हता, फक्त आता एकटा पडला आहे.

आमच्यात असे एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. जुनी स्टीलच्या सांगाड्याची सायकल, कॅरियरवर दोन्ही बाजूंना पिशव्या. सामानासाठी टेम्पो होता, पण काका म्हणायचे, ‘सायकलने निघालोय तर सामान सायकलवरच हवं.’ ते रांगेत नेहमी शेवटी असत, आणि पुढे राहण्याची पाळी आली की कितीही सांगितलं तरी घेत. पाच मिनिटं का होईना, पण घेत.

सकाळी साडेसातला निघून अकराच्या सुमाराला आम्ही चांदणला पोचलो. तिथे चहा, बिस्किटं. हळू चालवणाऱ्याच्या नशिबी विश्रांतीही कमी असते हे सह्याद्रीत ट्रेक केलेल्या कोणालाही माहीत आहे. पुढचे पोचून बसतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि मागचा धापा टाकत पोचला की ‘चला, सगळे आले’ म्हणून उठतात. काका पोचले तेव्हा आमचा दुसरा चहा झाला होता. त्यांनी उभ्याउभ्या एक घेतला आणि आम्ही निघालो. टेम्पो पुढे गेला, लाठीला जेवणाची सोय करायला. तो खरं म्हणजे शेवटच्या सायकलच्या मागे राहायला हवा होता, पण भूक लागली होती आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

चांदण सोडल्यावर चार-पाच किलोमीटरवर माझं मागचं चाक बसलं. मी रांगेत शेवटून दुसरा होतो, माझ्यामागे फक्त काका. हाक मारली, पण समोरच्या वाऱ्यात आवाज पुढे जात नाही. रांग निघून गेली. काका थांबले.

वेड्या बाभळीचा काटा होता. मी माझी स्पेअर ट्यूब काढली, तर ती व्हॉल्व्हपाशी चिरलेली निघाली. काकांनी काही न बोलता पिशवीतून त्यांची ट्यूब काढून दिली. टायर घट्ट होता, माझी बोटं थरथरत होती, लिव्हरही त्यांचेच आणि शेवटी टायर चढवला तोही त्यांनीच. पंचवीस मिनिटं गेली. मग आम्ही दोघं निघालो. सुरुवातीला मी पुढे राहिलो, त्यांना आडोसा मिळावा म्हणून. पण माझा वेग सतरा आणि त्यांचा जेमतेम चौदा. दर काही मिनिटांनी मागे बघायचं, वेग कमी करायचा, पुन्हा लय पकडायची. रांग कुठे क्षितिजावरही दिसत नव्हती. पाच-सहा किलोमीटरनंतर मी म्हणालो, ‘काका, मी पुढे होऊन त्यांना थांबायला सांगतो.’

‘हो, हो, जा तू,’ ते म्हणाले.

त्यांना थांबायला सांगण्याची काहीच गरज नव्हती. ते लाठीला जेवायला थांबणारच होते. हे मला माहीत होतं आणि काकांनाही माहीत होतं.

लाठीला पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. ढाब्यावर बाजल्या टाकलेल्या, बाजरीची रोटी, केर-सांगरी, ताक. कोणीतरी विचारलं, ‘काय रे, कुठे राहिलास?’ मी म्हणालो, ‘पंक्चर झालं होतं. काका मागून येतायत.’ दोन्ही वाक्यं खरी होती.

दोन वाजले, काका नाहीत. फोन लागेना. सव्वादोन. डिसेंबरात पोखरणला सहाच्या आत सूर्य मावळतो. अजून चाळीस किलोमीटर होते, तेही समोरच्या वाऱ्यात, म्हणजे पावणेतीन-तीन तास. महामार्गावर रात्री ट्रक सुसाट जातात. लीडरची काळजी रास्त होती, त्याच्यावर अकरा माणसांची जबाबदारी होती. सगळ्यांनी थांबायचं, अर्ध्यांनी निघायचं की कोणी मागे जाऊन बघायचं? मागे जाताना वारा पाठीशी, पण येताना पुन्हा तेच.

इथून पुढचा अर्धा तास मला नीट आठवतो, आणि या लेखाचं कारण तोच आहे. काय करायचं, हा प्रश्न कोणीतरी मांडला आणि दोन मिनिटांत आम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देऊ लागलो. काकांचं काय चुकलं, या प्रश्नाचं. एक जण म्हणाला, त्यांनी पुण्यात दोन सराव राइड चुकवल्या. दुसरी म्हणाली, सामान टेम्पोत टाकायला काय होतं? कोणी म्हणालं, ते फोटो काढायला थांबत असतील. टेम्पोत बसा म्हटलं की त्यांना राग येतो. त्यांची ती सायकल. त्यांचं वय. हे सगळं खोटं नव्हतं. आणि मी म्हणालो, ‘खरं सांगायचं तर त्यांनी या ट्रिपला यायलाच नको होतं.’

माझ्या सायकलच्या मागच्या चाकात त्यांची ट्यूब होती.

त्या दिवशी हे मला बोचलं नाही, असं म्हणणार नाही. बोचलं, म्हणूनच तर मी सगळ्यात कडक बोललो. पण आम्ही काय करत होतो त्याला नाव सापडलं ते पुण्याला परतल्यावर, महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व वाचताना. एरवी आपल्याला त्यातलं एकच ठाऊक असतं, पांडव हिमालयात गेले आणि एकेक करून पडले. मूळ क्रम थोडा वेगळा आहे. हिमालय ओलांडल्यावर त्यांना वाळूचा समुद्र दिसतो, ‘वालुकार्णव’ असा शब्द आहे. मग मेरू पर्वत दिसतो. ते झपाट्याने चालत असतात, आणि द्रौपदी पडते. भीम विचारतो की हिच्या हातून तर कधी अधर्म घडला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, हिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता. एवढं बोलून तिच्याकडे वळूनही न बघता तो चालू लागतो. मग सहदेव, त्याला बुद्धीचा गर्व. नकुल, त्याला रूपाचा. अर्जुनाने एका दिवसात शत्रू जाळीन म्हणून बढाई मारली होती. शेवटी भीम स्वतः पडतो आणि पडल्यापडल्या विचारतो, मी का? तू फार खायचास आणि ताकदीची फुशारकी मारायचास.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीचा हा शेवट स्वतःच्या कल्पनेने पुढे नेला आहे, आणि मराठी वाचकाला पडलेली द्रौपदी बहुधा त्यांच्याच लेखातून आठवते. मला यावेळी पडलेल्यांपेक्षा चालणाऱ्याकडे बघावंसं वाटलं. भीम एकदाही ‘थांबूया का’ असं विचारत नाही. तो फक्त ‘का पडली’ एवढंच विचारतो. आणि युधिष्ठिराकडे उत्तर तयार असतं, दर वेळी. परंपरा याचा अर्थ असा लावते की दोष होता म्हणून पतन झालं. मला लाठीच्या ढाब्यानंतर ते उलटं वाचता येऊ लागलं. थांबायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे, आणि न थांबता चालता यावं म्हणून दोष सांगावा लागतो. दोष सांगितल्याशिवाय पाय उचलत नाही.

युधिष्ठिरावर अन्याय नको. महाप्रस्थान म्हणजे देह पडेपर्यंत चालण्याचं व्रत. त्यात थांबून उपयोग नव्हता, पडलेलं माणूस उठणार नव्हतं. सोडून पुढे जाणं कधीकधी भाग असतं. लीडरने त्या दिवशी ‘सात जण निघा, आम्ही तिघं थांबतो’ असं म्हटलं असतं, तर त्यात काही चूक नव्हती. दहा माणसांना अंधारात महामार्गावर आणणं हा काही एकाविषयीच्या प्रेमाचा पुरावा नव्हे. मला खटकतं ते वेगळं. पुढे जाण्याचा निर्णय घड्याळ आणि सूर्य बघून घेता येतो, त्यासाठी मागे राहिलेल्याच्या चारित्र्याची तपासणी करावी लागत नाही. आम्ही तपासणी केली. आणि गंमत म्हणजे तपासणीत रमल्यामुळे निर्णयही घेतला नाही.

पुढे कुत्र्याची गोष्ट येते, ती सगळ्यांना माहीत आहे. इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिर म्हणतो, माझ्याबरोबर आलेल्या या कुत्र्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही. शरण आलेल्याला टाकणं हे महापाप. लहानपणापासून या प्रसंगाने माझा गळा दाटून येत असे. आता एक बारीक शंका येते. तो कुत्रा संपूर्ण वाटेत मागे पडलेला नाही. तो युधिष्ठिराच्या वेगाने चालला आहे. जो आपल्या बरोबरीने चालतो त्याच्याशी निष्ठा ठेवणं तुलनेने सोपं आहे.

निसर्गातही बरोबरीचाच व्यवहार दिसतो. व्ही आकारात उडणाऱ्या पक्ष्यांना पुढच्याच्या पंखांमुळे वर उचलणारी हवा मिळते, आमच्या रांगेसारखंच काहीसं. ऑस्ट्रियातून इटलीकडे स्थलांतर करणाऱ्या चौदा तरुण बॉल्ड आयबिस पक्ष्यांच्या पाठीवर उपकरणं बसवून केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की जोडीतले पक्षी पुढे उडण्याची पाळी फार काटेकोरपणे वाटून घेतात, जितका वेळ तू तितका वेळ मी. ऐकायला छान वाटतं. पण ज्याला पुढे उडणं जमत नाही त्याचं काय, या प्रश्नाला त्या हिशोबात जागा नाही. काका पाच मिनिटं का होईना पण आपली पाळी घ्यायचेच, त्याचं कारण मला तेव्हा हट्ट वाटलं होतं. त्यांना हा हिशोब आमच्यापेक्षा चांगला कळत असावा.

ढाब्यावर आमची चर्चा चालू असताना टेम्पोचा ड्रायव्हर, जोधपूरचा विशी-बाविशीतला मुलगा, जेवायला बसला होता. मराठी त्याला येत नव्हतं, त्यामुळे काकांचे दोष त्याला कळले नाहीत. त्याने एकाला विचारलं, ‘वो चाचाजी नहीं आये?’ नाही म्हटल्यावर त्याने ताटातली रोटी गुंडाळून हातात घेतली, ‘मैं देख के आता हूँ’ म्हणाला आणि टेम्पो वळवून गेला. लीडरला विचारलंही नाही. इतकं सोपं होतं ते. टेम्पो आमच्यासमोर उभा होता आणि अर्धा तास आमच्यातल्या कोणाला ते सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही कोणी उठलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला तो परत आला. मागे काकांची सायकल, पुढे काका. आठ-नऊ किलोमीटर मागे, एका खेजडीखाली बसले होते. दोन्ही पायांत गोळे आले होते, पेडल फिरेना. एका ट्रकवाल्याने थांबून पाणी दिलं होतं आणि लाठीपर्यंत सोडतो म्हणाला होता. काकांनी नाही म्हटलं.

‘का हो?’ कोणीतरी जरा रागानेच विचारलं. यादीत आणखी एक दोष मिळाला होता.

काका म्हणाले, ‘तुम्ही कोणीतरी शोधायला निघाला असाल. मी जागा सोडली असती तर चुकामूक झाली असती.’

यावर कोणी काही बोललं नाही. त्यांना ताक दिलं, पाय चोळून दिले. ते टेम्पोत बसले, आम्ही निघालो. अणुचाचण्यांमुळे बातम्यांत आलेलं खेतोलाई कधी मागे गेलं ते कळलं नाही. शेवटचे दहा-बारा किलोमीटर दिवे लावून, ट्रक आला की कडेच्या वाळूत उतरत, एकमेकांना हाका मारत पोचलो. त्या अंधारात कोणीही कोणाला मागे पडू दिलं नाही. भीतीने रांग चांगली राहते.

रात्री पोखरणच्या धर्मशाळेत मी काकांसमोर एक नवी ट्यूब धरली, एकाकडून मागून घेतलेली. ते म्हणाले, ‘राहू दे तुलाच. तुझ्याकडे स्पेअर कुठे आहे आता?’ बाजूला तिघं-चौघं बसले होते. कोणती ट्यूब, कधी दिली, असं त्यांच्यातल्या कोणी विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. म्हणजे आमच्या गटात आजही समज हाच आहे की पाचव्या दिवशी काका त्यांच्या वयामुळे आणि सामानामुळे मागे पडले. हे वाचून ज्यांना कळेल त्यांना कळो.

महाभारत युधिष्ठिराला तिथेच सोडत नाही, हेही सांगायला हवं. स्वर्गात त्याला भाऊ दिसत नाहीत, तो त्यांच्याकडे ने म्हणतो आणि देवदूत त्याला नरकातून नेतो. दुर्गंधीने तो परत फिरतो तेव्हा अंधारातून आवाज येतात, जरा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतंय. कोण तुम्ही, असं तो विचारतो. कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. तेव्हा तो इथेच राहीन म्हणतो. आता कोणाचा दोष काय होता, याची चर्चा तो करत नाही. उलट देवांनाच बोल लावतो. त्याला उशिरा का होईना, नुसतं थांबल्याने कोणाला तरी बरं वाटतं एवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी फलोदीपर्यंत साठेक किलोमीटरच होते. गोळे उतरले होते, काका सायकलवर आले, या वेळी पिशव्या टेम्पोत टाकून. मी ठरवून त्यांच्यासोबत मागे राहिलो. रामदेवराच्या अलीकडे पायी चाललेले जत्रेकरू दिसले, हातात निशाणं, सोबत एक हातगाडी आणि तिच्यावर बसलेली म्हातारी. मी काकांच्या पुढे राहून वारा कापत होतो, दर मिनिटाला मागे वळून बघत होतो, ठीक आहे ना, पाणी हवंय का, विचारत होतो. आठ-दहा किलोमीटर असं चाललं.

मग काका म्हणाले, ‘तू जा रे पुढे. सारखा वळून बघतोस त्याने माझी लय बिघडते.’

मी म्हणालो, ‘नाही काका, मला घाई नाही.’

‘मला माहितीये तुला घाई नाही,’ ते म्हणाले. ‘पण तू माझ्यासाठी थांबलेला नाहीयेस.’

मी थोडा वेळ तसाच चालवत राहिलो. नंतर बाजूला झालो, त्यांना पुढे जाऊ दिलं आणि त्यांच्या मागे लागलो. त्यांनी मान न वळवता हाताने खूण केली, खड्डा आहे, सांभाळ.